परदेशात थोड्या दिवसांसाठी जायचंय? मुरगूडहून निघण्याआधी व्हिसा आणि प्रवेशाचे नियम समजून घ्या

मुरगूडहून निपाणीला जाताना राज्य बदलतं, पण वाटेत आपल्याला कुणी कागद विचारत नाही. देश बदलताना मात्र प्रत्येक टप्प्यावर कागद विचारले जातात. मुलगा जर्मनीत, लेक-जावई अमेरिकेत, किंवा मित्रमंडळी मिळून थायलंडला निघालीत, असं आता कागल तालुक्यातल्या गावागावांत ऐकायला मिळतं. प्रवास पंधरा दिवसांचा असो की दोन महिन्यांचा, अडचण बहुतेक वेळा नियम कडक असल्यामुळे येत नाही. नियम नेमका कुठला आणि तो कुठे तपासला जातो, हे माहीत नसल्यामुळे येते.

या लेखात आपण पासपोर्टपासून परदेशातल्या विमानतळावरच्या शिक्क्यापर्यंतचा सगळा प्रवास क्रमाने पाहूया. सोबत नकली वेबसाइट आणि "विझिट व्हिसावर नोकरी" ही फसवणूक कशी ओळखायची, तेही पाहू.

व्हिसा म्हणजे नक्की काय?

पासपोर्ट आपला देश देतो. तुम्ही कोण आणि कुठल्या देशाचे, हे तो सांगतो. व्हिसा समोरचा देश देतो. "या कामासाठी, इतक्या मुदतीत, आमच्या दारापर्यंत यायला हरकत नाही," एवढाच त्याचा अर्थ. दार उघडायचं की नाही हे तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो.

म्हणजे तुमची तपासणी तीन वेगळ्या ठिकाणी होते:

१. दूतावास किंवा वाणिज्य दूतावास: व्हिसा द्यायचा की नाही हे ठरवतो.
२. विमान कंपनीचा काउंटर आणि भारतीय इमिग्रेशन: कागद पुरे नसतील तर तुम्हाला मुंबईतच थांबवतात. चुकीच्या कागदांवर प्रवासी नेला तर कंपनीला दंड होऊ शकतो आणि त्याला परत आणावं लागतं. म्हणून काउंटरवरचा माणूस 'टायमॅटिक' नावाच्या माहितीसाठ्यात त्या देशाचे नियम बघूनच बोर्डिंग पास देतो.
३. समोरच्या देशाचा इमिग्रेशन अधिकारी: किती दिवस राहता येईल हे शेवटी तोच ठरवतो.

"व्हिसा आहे ना, मग कशाला अडवतील?" किंवा "तिथं व्हिसाच लागत नाही, मग कागद कशाला?" या दोन्ही प्रश्नांचं उत्तर वरच्या तीन ओळींत आहे.

पहिलं काम पासपोर्टचं

कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. पण प्रत्येक वेळी पुण्याला जायची गरज नाही, कारण कोल्हापुरातच पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पद्धत अशी:

- 'पासपोर्ट सेवा' पोर्टलवर किंवा 'एमपासपोर्ट सेवा' ॲपवर खातं उघडा आणि अर्ज भरा.
- फी ऑनलाइन भरा. मोठ्या माणसाच्या ३६ पानी, १० वर्षं मुदतीच्या साध्या पासपोर्टला १५०० रुपये लागतात. तत्काळ हवा असेल तर २००० रुपये जास्त.
- अपॉइंटमेंट घेऊन मूळ कागदांसह केंद्रावर जा. फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतात.
- पोलीस पडताळणी सध्याच्या पत्त्यावरच्या ठाण्यातून होते. मुरगुडात राहत असाल तर मुरगूड पोलीस ठाण्यातून. नोकरीसाठी पुण्यात राहत असाल तर तिथला पत्ता द्या. घरी सापडला नाहीत तर अहवाल अडकतो.
- तयार पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी येतो.

आपल्याकडे हमखास अडणाऱ्या चार गोष्टी:

आडनाव आधी की नंतर: शाळेचा दाखला, मतदार यादी, सातबारा यांवर आपल्याकडे बऱ्याचदा आडनाव आधी येतं. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा आणि स्वतःच्या नावाचा वेगळा असतो. वडिलांचं किंवा पतीचं नाव स्वतःच्या नावाच्या रकान्यात लिहिलं असेल, तर व्हिसा आणि तिकिटावरही तसंच यायला हवं.

आडनाव रिकामं: जुन्या पासपोर्टवर कधीकधी एकच शब्द असतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून भेटीच्या व्हिसासाठी एकशब्दी नावाबद्दल कडक नियम लावला आहे. दुबईला जाणाऱ्यांनी हे आधीच तपासावं.

१ जूनची जन्मतारीख: जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलेले कितीतरी जण आहेत. आधारवर एक, दाखल्यावर दुसरी आणि पॅनवर तिसरी तारीख असेल, तर पासपोर्टच्या अर्जाआधीच एकसारखी करून घ्या. व्हिसा मिळाल्यावर दुरुस्ती काढली तर सगळंच नव्याने करावं लागतं.

उरलेली मुदत: बरेच देश पासपोर्टची किमान ६ महिने मुदत शिल्लक मागतात. शेंगेन देश परतीच्या तारखेनंतर ३ महिने आणि दोन कोरी पानं मागतात. शिवाय तो पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा लागतो.

व्हिसाचे प्रकार

व्हिसामाफी: आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाचे पैसे दाखवावे लागू शकतात.

आगमनावर व्हिसा: विमानतळावर उतरल्यावर फी भरून मिळतो.

ई-व्हिसा: घरबसल्या अर्ज करायचा आणि ईमेलवर पीडीएफ मिळते. व्हिएतनामचा ई-व्हिसा असाच आहे. त्याची मुदत ९० दिवसांपर्यंत असते आणि एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसाची सरकारी फी २५ डॉलर आहे.

स्टिकर व्हिसा: अर्ज, ठसे, कधी मुलाखत, आणि मग पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा. युरोप आणि अमेरिका यात येतात.

ट्रान्झिट व्हिसा: नुसतं विमान बदलण्यासाठी लागणारा. अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी भारतीयांना व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट दिसलं की आधी विमान कुठे बदलतं ते बघा.

डिजिटल अरायव्हल कार्ड: हा व्हिसा नाही. आपण येतोय याची ती आगाऊ नोंद असते. व्हिसा लागत नसला तरी ही नोंद लागू शकते, आणि सध्या सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

जवळचे देश: काय लागतं?

नेपाळ: व्हिसा नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. नुसत्या आधारवर प्रौढ माणसाला जाता येत नाही. १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींना मात्र आधारसारखं फोटो ओळखपत्र चालतं.

भूतान: व्हिसा नाही, पण प्रवेश परवाना लागतो. तो पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रावर मिळतो. भारतीय पर्यटकाला प्रत्येक रात्रीचे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं.

थायलंड: नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये मुदत ३० वरून ६० दिवसांवर गेली. १ मे २०२५ पासून मात्र डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं झालं. ते पोहोचण्याआधीच्या ३ दिवसांत भरायचं आणि ते पूर्ण मोफत आहे. नियम असे हलत असतात, म्हणून तिकिटाआधी ताजी मुदत बघाच.

मलेशिया: ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत भारतीयांना ३० दिवसांची व्हिसामाफी जाहीर झालेली आहे. इथेही डिजिटल अरायव्हल कार्ड आधीच्या ३ दिवसांत भरायचं.

सिंगापूर: व्हिसा लागतो. तो मिळाल्यावर अरायव्हल कार्ड वेगळं भरायचं. एक झालं म्हणजे दुसरं झालं असं नाही.

मालदीव: ३० दिवसांचा परवाना आगमनावर मोफत मिळतो. त्याआधी ९६ तासांच्या आत 'इमुगा' हा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो.

व्हिसामाफी कायमची नसते. सर्बियाने १ जानेवारी २०२३ पासून ती बंद केली. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेली सवलत २२ नोव्हेंबर २०२५ पासून थांबवली. नोकरीच्या आमिषाने भारतीयांना तिथे नेऊन ओलीस ठेवण्याचे प्रकार घडले होते, हे त्यामागचं कारण. म्हणजे गेल्या वर्षी शेजारचे कसे गेले होते हे विचारून तिकीट काढणं धोक्याचं आहे.

युरोप: ९० दिवसांचा हिशोब

शेंगेन व्हिसा एक आणि देश २९. अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. आपल्याकडून बऱ्याच देशांचे अर्ज पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या व्हीएफएस केंद्रात देता येतात. व्हीएफएस फक्त कागद आणि ठसे गोळा करते, निर्णय दूतावासाचाच असतो. म्हणून "आमची व्हीएफएसमध्ये ओळख आहे" असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा.

आता महत्त्वाचा हिशोब. नियम आहे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरतात.

समजा, नातवंडासाठी आई १ जूनला जर्मनीला गेली आणि १९ ऑगस्टला परतली. ३० + ३१ + १९ म्हणजे ८० दिवस झाले. तिच्याकडे अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे आणि ती १५ ऑक्टोबरला पुन्हा पोहोचते. त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजले तर १९ एप्रिलपर्यंत जातो, म्हणजे आधीचे ८० दिवस पूर्ण धरले जातात. राहिले फक्त १०. तिला २४ ऑक्टोबरला निघावंच लागेल, व्हिसाची तारीख पुढची असली तरीही. जूनचे जुने दिवस हिशोबातून गळायला सुरुवात होते ती २८ नोव्हेंबरला.

हे हाताने मोजण्यापेक्षा युरोपीय संघाच्या अधिकृत साइटवरचं गणकयंत्र वापरा. आणि "कोण मोजतंय?" असं समजू नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे टप्प्याटप्प्याने नवी प्रवेश-निर्गमन यंत्रणा आली आहे. शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवले जातात आणि जास्त राहिलेले दिवस संगणकच दाखवतो.

नियम पाळणाऱ्याला फायदाही होतो. एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार भारतात राहणाऱ्या भारतीयाने ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील, तर त्याला २ वर्षांचा आणि पुढे ५ वर्षांचा व्हिसा मिळू शकतो.

अमेरिका: मुलाखत आणि आय-९४

फिरायला किंवा मुलांकडे जायला बी-१/बी-२ व्हिसा. फॉर्म डीएस-१६० ऑनलाइन भरायचा, अर्जाची फी १८५ डॉलर, आणि महाराष्ट्रातल्यांसाठी वाणिज्य दूतावास मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. मुंबईत मुलाखत मराठीतूनही देता येते, त्यामुळे आई-वडिलांना इंग्रजी पाठ करून घेऊ नका. विचारलं तेवढंच, खरं आणि थोडक्यात सांगायला सांगा. फॉर्ममध्ये गेल्या ५ वर्षांतली सोशल मीडिया खाती विचारतात, तीही लपवू नका.

भारतीयांना हा व्हिसा साधारण १० वर्षांचा मिळतो. याचा अर्थ १० वर्षं राहता येतं असा नाही. प्रत्येक वेळी उतरल्यावर अधिकारी किती तारखेपर्यंत राहायची परवानगी देतो, ते 'आय-९४' या ऑनलाइन नोंदीत दिसतं. उतरल्यावर दोन-तीन दिवसांत ती नोंद उघडून तारीख लिहून ठेवा.

कोणते कागद जोडायचे?

प्रत्येक दूतावास मनात एकच प्रश्न ठेवून कागद बघतो: हा माणूस परत जाईल का? त्यामुळे गावाकडची घडी दाखवणारे कागद महत्त्वाचे:

- शेतकरी असाल तर सातबारा, ८अ आणि कारखान्याचं ऊस बिल
- दुकान असेल तर परवाना आणि जीएसटी नोंदणी
- नोकरी असेल तर रजा मंजुरीचं पत्र आणि पगारपत्रकं
- आयकर विवरणपत्रं आणि ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- बोलावणाऱ्याचं पत्र, त्याच्या पासपोर्टची आणि तिथल्या परवान्याची प्रत

मराठीतले कागद अधिकाऱ्याला वाचता येत नाहीत. इंग्रजी भाषांतर करून मूळ प्रतीसोबत जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात उसने दोन-तीन लाख टाकणं टाळा. अचानक आलेली रक्कम शंका वाढवते. आणि खोटा कागद तर नकोच. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक आढळली तर १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

नकली वेबसाइट कशी ओळखायची?

सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी साइट सरकारी असेलच असं नाही, ती जाहिरात असू शकते. थायलंडचं कार्ड मोफत असताना त्यासाठी पैसे घेणाऱ्या साइट आहेत. भारतीय पासपोर्टच्या नावानेही नकली साइट चालतात आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल इशारा दिलेला आहे.

- पत्ता शेवटून वाचा. भारतीय सरकारी साइट 'डॉट जीओव्ही डॉट इन' वर संपते. थायलंडची 'डॉट जीओ डॉट टीएच' वर, व्हिएतनामची 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' वर.
- 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' लिहिलेली लिंक सोडा.
- यूपीआयवर खासगी व्यक्तीच्या नावे पैसे मागितले तर देऊ नका.
- व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर पासपोर्टचा फोटो टाकू नका.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

विझिट व्हिसावर नोकरी: इथे थांबा

"आत्ता विझिट व्हिसावर चला, तिथं गेल्यावर वर्क परमिट करून देतो," असं सांगणारे एजंट तरुणांना गाठतात. भेटीच्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे आणि सापडला तर एजंट नाही, तुम्ही अडकता. २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता की थायलंडमधल्या आयटी नोकरीच्या नावाखाली तरुणांना म्यानमारमध्ये नेलं जातं आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जातं.

परदेशी नोकरीसाठी एजंट 'ई-मायग्रेट' पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला 'ईसीआर' दर्जा असतो आणि ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना त्यांना परवानगी घ्यावी लागते. ही अट अडवण्यासाठी नाही, कामगाराची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री नंबर १८००-११-३०९० आहे. अडकलेल्या माणसाच्या घरच्यांना 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

बॅगेत काय नको?

प्रवेशाचे नियम माणसाबरोबर सामानालाही लागतात. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात बऱ्याच घरी खसखस घालतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, म्हणून दुबईला जाताना तो डबा घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूपही नाही. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. केनियासारख्या देशात जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच आणि किमान १० दिवस आधी घ्या. तिचं प्रमाणपत्र परत येताना भारतातही विचारतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

व्हिसा नाकारला तर फी परत मिळते का?
नाही. नकाराचं कारण वाचा, ती उणीव भरून काढा आणि मगच पुन्हा अर्ज करा.

व्हिसाआधी पक्कं तिकीट काढायचं का?
दूतावासाने मागितलं नसेल तर नाही. खरं, तपासता येणारं आरक्षण पुरतं. एजंटने बनवलेला नकली पीएनआर देऊ नका.

मुदतीपेक्षा दोन-चार दिवस जास्त राहिलं तर?
दुबईत दिवसाला ५० दिरहम आणि थायलंडमध्ये दिवसाला ५०० बात दंड आहे. दंडापेक्षा मोठं नुकसान म्हणजे ती नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते.

एजंट घ्यावा का?
फॉर्म भरायला मदत म्हणून घ्यायला हरकत नाही. पण खातं तुमच्या ईमेलवर आणि मोबाइलवर उघडा, सरकारी फीची पावती वेगळी मागा, आणि सही करण्याआधी पूर्ण फॉर्म वाचा. सही तुमची, म्हणजे जबाबदारीही तुमचीच.

निघण्याआधीची शेवटची यादी

१. पासपोर्टची मुदत, कोरी पानं आणि नावाचं स्पेलिंग तपासलं
२. व्हिसावरच्या तारखा आणि प्रवेशांची संख्या वाचली
३. अरायव्हल कार्ड अधिकृत साइटवर भरलं आणि क्यूआर कोड जतन केला
४. परतीचं तिकीट, हॉटेल किंवा नातेवाइकांचा पत्ता आणि विमा छापून घेतला
५. सगळ्या कागदांची एक प्रत घरी आणि एक ईमेलवर ठेवली
६. त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर लिहून घेतला

छापील प्रत का? परदेशात उतरल्यावर मोबाइलला लगेच रेंज मिळतेच असं नाही, आणि इमिग्रेशनच्या रांगेत बॅटरी संपली तर क्यूआर कोड दाखवता येत नाही. वयस्कर आई-वडील एकटे जात असतील तर सगळे कागद एका पिशवीत, वापरायच्या क्रमाने लावून द्या. वर एका चिठ्ठीवर मुलाचा तिथला पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहा. अधिकारी हमखास विचारतो ते हेच: कुणाकडे चाललात, किती दिवस राहणार आणि परत कधी?